घर फिरलं, पत्रेही फिरले

आमच्या चिलोए बेटावर पाऊस उत्तरेकडून येतो, आणि तोही आडवा. म्हणून दोन्या एतेल्विनानं जावयाची परीक्षा ठेवली ती छपराची. तिच्या यास्नाला मागणी घालायला रेमिहिओ आला, कास्त्रो शहरात घरांचे नकाशे काढणारा पोरगा, तेव्हा ती म्हणाली, "गोड बोलणारे पुष्कळ बघितले. माझं छप्पर करून दाखव. पहिल्या वादळात एक थेंब जरी आत आला, तर यास्नाचं नाव काढायचं नाही."

रेमिहिओनं जीव ओतला. प्रत्येक पत्र्याची उघडी कड दक्षिणेला, म्हणजे वाऱ्यानं पाणी जोडावरून पुढे ढकलावं, आत घालू नये. चुलीच्या धुराड्याभोवती पत्र्याचा घागरा बसवला, त्याचाही जोड दक्षिणेला. पन्हळीचा उतार तर तो रोज पाणी ओतून बघायचा. ज्या नजरेनं त्या पन्हळीकडे बघतो त्या नजरेनं माझ्याकडे बघत नाही, अशी यास्नाचीच तक्रार होती.

छप्पर झालं आणि समुद्र अंगणात आला. घर टेकडीवर न्यायचं ठरलं. आमच्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही. मिंगा बोलवायची. गाव जमतं, घराखाली ओंडके सारतं, बैल जुंपतं, घर ओढून नेतं. मालकिणीनं फक्त खाऊपिऊ घालायचं. माझीही बैलजोडी होती. सफरचंदाची दारू, आमची चिचा, सकाळपासून फिरत होती, त्यामुळे घर वर पोचेपर्यंत सगळे खुशीत होतो.

"दरवाजा दक्षिणेलाच राहू द्या," रेमिहिओ घसा फोडून सांगत होता. "होतं तसंच ठेवा."

"दरवाजा शेजारच्या सेल्मिराच्या घराकडे करा," दोन्या म्हणाली. "तिच्याकडे कोण येतं-जातं ते मला कळायला नको?"

"दोन्या, ती उत्तर आहे. पाणी शिरेल."

"घर कुणाचं?"

ज्याची चिचा त्याचं ऐकायचं. आम्ही बैल वळवले. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथे पत्रेही फिरले. सगळ्या कडा आता वाऱ्याकडे तोंड वासून.

वादळ रविवारी आलं, नेमकं जेवायच्या वेळी. निकालाला साक्षीदार हवा म्हणून मलाही बोलावलं होतं. बाहेर अंधारून आलं, आणि आत टपटप सुरू झाली. मी कासुएलाचा रस्सा ओरपत होतो आणि वाडगा काही रिकामा होईना.

दोन्यानं छत्री उघडली.

"घरात छत्री?" मी विचारलं.

"डोळ्यांवर उजेड येतो."

गळतंय म्हणावं, तर घर कुणी फिरवलं हा प्रश्न येणार. चूक कबूल करण्यापेक्षा ही बाई जागच्या जागी बुडून मेली असती.

"एक थेंब नाही," ती म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द. रेमिहिओ, यास्ना तुझी."

यास्ना फुलली. रेमिहिओचं तोंड उतरलं.

"दोन्या, गळतंय."

"कुठे?"

"तुमच्या वाडग्यात."

"रस्सा जरा पातळ झालाय."

"धुराड्याच्या घागऱ्यातून येतंय. वारा कडेखाली शिरतोय. लोक म्हणतील, हे रेमिहिओचं काम. मी असलं काम करत नाही हो."

यास्नानं टेबलाखालून लाथ मारली. ती मला लागली.

"याचा स्वतःच्या छपरावर विश्वास नाही," दोन्या मला म्हणाली. "बायकोवर काय ठेवणार?"

"छपरावर विश्वास आहे म्हणूनच सांगतोय. घर उलटं आहे."

"घर सुलटं आहे. तू उलटा आहेस."

यास्ना उठून उभी राहिली. केसांतून पाणी निथळत होतं. "रेमिहिओ, एवढंच सांग. लग्न माझ्याशी करायचंय का पत्र्याशी?"

त्यानं वर बघितलं. कपाळावर थेंब पडला, नाकावरून घरंगळला, हनुवटीवर थांबला. धक्क्यावरून बोट सुटताना माणसं बघतात, तसा तो त्या जोडाकडे बघत राहिला.

"एक थेंबही नाही," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल, पावसाचा आवाज फार आहे."

"एक थेंबही नाही, दोन्या."

तिनं खुर्ची त्याच्याजवळ सरकवली आणि अर्धी छत्री त्याच्या डोक्यावर धरली. "मग मी मघापासून दुसरं काय सांगतेय?"