अन्वीची वाढ शून्य

जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या आमच्या मराठी शाळेतले निम्मे पालक गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. जे मोजता येत नाही, ते या मंडळींना बघवत नाही. एका जर्मन शाळेच्या दोन खोल्या आम्हाला शनिवारी मिळायच्या. एकीत ऊर्मिलाताई, ज्यांनी ही मराठी शाळा सुरू केली; दुसरीत स्वरूपा, उत्साही आणि नवी. पुढच्या वर्षी खोली एकच मिळणार होती, म्हणजे बाईही एकच.

कोण राहणार, हे ठरवायला पालकांपैकी जयंतने पद्धत काढली. सप्टेंबरात तोंडी परीक्षा, जूनमध्ये पुन्हा तीच. जिच्या मुलांचे गुण जास्त वाढले, ती राहणार.

"गेनाऊ, अगदी नेमकं! आवडनिवड नाही, भांडण नाही," जयंत म्हणाला.

ऊर्मिलाताईंनी मान डोलावली. जयंत त्यांना घरच्यासारखाच. त्याची अन्वी जन्मली, तेव्हा महिनाभर डिंकाचे लाडू आणि डबे ताईंकडूनच जात होते.

सप्टेंबरात ताईंनी अन्वीला चित्र दाखवलं. "आजोबा कुठे चाललेत गं?"

"त्सुम मार्क्ट," अन्वी म्हणाली. म्हणजे बाजारात. प्रश्न मराठीत कळला, उत्तर जर्मनमध्ये आलं. इथल्या मुलांचं असंच असतं. ताईंना पेच पडला; त्यांनी तिथूनच जयंतला फोन लावला.

"द्या की मार्क, ताई. कळलंय ना तिला? शून्य दिलंत तर रडत घरी येईल, मग मला ऐकून घ्यावं लागेल."

ताईंनी मार्क दिला. आणि एकीला दिला म्हणून वर्गातल्या सगळ्यांना दिला. पलीकडच्या खोलीत स्वरूपा जर्मन उत्तराला शून्य देत होती. तिने कोणाला विचारलं नव्हतं, आणि तिला कोणी सांगितलंही नव्हतं.

जूनमध्ये तेच चित्र समोर आल्यावर अन्वी म्हणाली, "बाजारात चाललेत, पण पिशवी विसरलेत. आता आजी ओरडणार!" ताई इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला. मार्क आधीही पूर्ण होता, आताही पूर्णच.

सभेत जयंतने प्रोजेक्टरने भिंतीवर आलेख दाखवला. स्वरूपाचा खांब उंच, ताईंचा जमिनीला टेकलेला. मुलांच्या नावांपुढे वाढ लिहिली होती. अन्वी, शून्य. स्वतःच्या मुलीचं नाव वाचतानाही त्याचा आवाज अडखळला नाही.

"जयंत, जर्मन उत्तराला मार्क द्यायला तूच सांगितलंस ना?" ताईंनी विचारलं.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. हो म्हणावं तर आलेख केरात, आणि समोर त्याच्याच कारखान्यातले चारजण बसलेले. जयंतने लॅपटॉपची वायर नीट केली.

"आल्झो... म्हणजे, ते मी अन्वीपुरतं म्हणालो होतो, ताई. पूर्ण वर्गासाठी नाही."

"म्हणजे तुझी रडू नये, बाकीच्यांची रडली तरी चालेल?"

"तसं नाही हो. पण आता आकडे बदलले तर पद्धतीला अर्थ काय?"

स्वरूपा गोंधळून म्हणाली, "मला हे माहीतच नव्हतं. परत परीक्षा घेऊया का?" सुट्ट्यांची तिकिटं काढलेल्या पालकांना ही सूचना अजिबात रुचली नाही. आलेखाप्रमाणे स्वरूपाच राहावी, यासाठी हात वर झाले. जयंतचाही झाला, कोपर टेबलावरच होतं, पण झाला. ताईंनी तो हात खाली येईपर्यंत पाहिला.

सगळे समोसे घ्यायला उठले, तसा जयंत ताईंजवळ आला. त्याचा आवाज एकदम घरगुती झाला.

"ताई, रागावू नका. मी काय म्हणतो, अन्वीला रविवारी तुमच्याकडे घरी पाठवू का? तुमच्याकडे ती बोलायला लागलीये हो. तिकडे जमेल की नाही, कोण जाणे."

ताईंनी पर्स खांद्याला लावली. भिंतीवरचा आलेख अजून कोणी बंद केला नव्हता.

"नको रे. माझ्याकडे ती काहीच शिकली नाही, तू आत्ताच सगळ्यांना वाचून दाखवलंस."

"ताई, ते वेगळं..."

"तुम्ही जा आता, जयंतराव. लोक खोळंबलेत."

इतक्या वर्षांत त्यांनी त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.