मोहरी नव्हे, मी पिवळा धोतरा

ओळखलंत का? काटेरी पानं, त्यांवर पांढऱ्या रेघा, डोक्यावर पिवळं फूल. मी पिवळा धोतरा! माझे पूर्वज म्हणे सातासमुद्रापलीकडचे. मी मात्र हरभऱ्याच्या पोत्यातून आगगाडीनं हिंगोलीला उतरलो आणि स्टेशनामागच्या पडीक जागेत रुजलो. विटांचे तुकडे, राख, कोळशाचा चुरा, मला काहीही चालतं. दोन वर्षांत तिथं आमचं गावच वसलं.

१९४१ साल. वैशाखाच्या तोंडावर आमची बोंडं तडकली नि काळंभोर बी दिसू लागलं. स्टेशनातला हमाल किसनसिंग शेजारच्या धुरपताबाईला ऐटीत म्हणाला, "पीला फूल, काला दाना. ये तो राई है, बाई! हमारे मुलुक में खेत के खेत होते हैं."

धुरपताबाईच्या लेकीचं लग्न आठ दिवसांवर. लोणच्याच्या कैऱ्या चिरून तयार, आणि ही फुकटची मोहरी! तिनं सूपभर बी झाडून घेतलं. मी तर हरखूनच गेलो. आजवर लाथेशिवाय कुणी काही दिलं नव्हतं, आता थेट लग्नाच्या पंगतीत! असा डोललो, असा डोललो की दोन फुलं गळाली.

तेवढ्यात शेळ्या घेऊन भागाबाई आली. धनगराची बाई, नजर घारीची.

"हे काय करून राहिली, धुरपता?"

"लोणच्याची मोहरी."

"माझ्या शेळ्या बाभळीचे काटे खातात, पर ह्याला तोंड लावत न्हाईत. काहून?" तिनं माझी फांदी मोडली. पिवळाधमक चीक टपकला. "मोहरीतून असा चीक निघतो व्हय? पिवळा धोतरा हाय हा! सेनगावात एका घरानं ह्याचं बी खाल्लं. समद्यांचे पाय सुजले, म्हातारी धापा टाकीत गेली."

धुरपताबाईच्या हातून सूप सुटलं. माझंही डोलणं थांबलं. आपल्या पोटात एवढं विष आहे, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

किसनसिंगचं तोंड उतरलं. "मैंने तो सुबह दाल में चुटकीभर डाली!" मटकन बसून तो जोडे काढून पाय दाबून बघू लागला.

"चिमटीनं मरत न्हाईस. पर आता पुन्हा खाऊ नको. ऊठ, उपट!"

हाताला चिंध्या गुंडाळून तिघं आमच्यावर तुटून पडली. काटा टोचला की किसनसिंग टुणकन उडी मारी, बाया पोट धरून हसत. मुळासकट निघताना मलाही हसू आवरेना.

लग्न झालं. खरी मोहरी घातलेलं लोणचं खाऊन वऱ्हाड आपापल्या पायांनी घरी गेलं. मी ढिगावर वाळत पडलोय. उद्या जाळतील. जाळा, माझी तक्रार नाही. पण माझं एखादं बी निसटलं असेलच. कुठं पिवळं फूल दिसलं, तर बायांनो, सूप आणण्याआधी देठ मोडून बघा.