डाव्या पायाचा आकडा

शिंप्यानं उजवा पाय वजनकाट्यासारख्या यंत्राच्या पत्र्यावर ठेवला आणि दोन्ही मुठींत दांडे धरले. यंत्र तिसऱ्यांदा बोललं: डावा पाय ठेवा.

"नाहीये," शिंपी यंत्राला म्हणाला.

तो पाय नऊ वर्षांपूर्वी ट्रकखाली गेला होता. तेव्हापासून शिंपी स्वतःच्या विजारीची डावी बाजू गुडघ्याशीच बंद करून शिवायचा. कापड वाचतं म्हणे.

लेकीला किडनी द्यायची होती. रक्तगट आईबाप दोघांचाही जुळला, पण शिंप्यानं आधी हात वर केला. पोटावर सुरी म्हटलं की बायकोच्या हातापायांतलं बळ जायचं. नवऱ्यानं हात वर केला तेव्हा तिनं सोडलेला सुटकेचा श्वास कुणाला ऐकू गेला नव्हता. किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिनही शिंप्याचं कमीच निघालं. तिथंच माशी शिंकली. ते स्नायूंतून येतं, डॉक्टर म्हणाले. काडीपैलवानाचं कमीच भरणार, किडनी खराब असली तरी. आधी स्नायू मोजून आणा.

यंत्र चालवणाऱ्या मुलीनं हात टेकले आणि शेजारी उभ्या बायकोकडे वळली. दोन पायांशिवाय हे पुढे सरकत नाही, काकू.

बायकोनं डावी चप्पल काढली, मोकळ्या पत्र्यावर पाय ठेवला आणि नवऱ्याचं मनगट धरलं.

यंत्राला कसलीही शंका आली नाही. कागद बाहेर आला: पुरुष, वय चौपन्न.

"लग्नाच्या फोटोतसुद्धा एवढी जवळ नव्हतीस," शिंपी म्हणाला.

डॉक्टरांनी कागद वाचला. हात क्षीण. उजवा पाय क्षीण. डावा पाय उत्तम. त्यांनी चष्म्यावरून शिंप्याची शिवलेली विजार पाहिली, मग पुन्हा कागद.

"बाकी अंगावर स्नायू नाहीतच. तुमच्या किडनीचा मला भरवसा वाटत नाही." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "पण हा पाय कुणाचा?"

यंत्र जुनं असेल, उद्या पुन्हा मोजू, परवाही मोजू, असं शिंपी भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगत राहिला. बायकोकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. आपली सुरीची भीती त्याला कधीपासून ठाऊक होती, ते तिला तेव्हा कळलं.

तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतला. मग तोच पाय टेबलापुढे, डॉक्टरांसमोर सरकला, मापाला द्यावा तसा, अनवाणी. चप्पल यंत्रापाशीच राहिली होती.