प्रभूसाठी राखून ठेवलेली मी

मी खुर्ची बोलतेय. खरं तर या बसा म्हटलं असतं, पण माझ्यावर कुणी बसायचं नाही, अशी या घरात सक्त ताकीद होती. मी जेवणाच्या टेबलाची चौथी खुर्ची, आणि मी प्रभूची होते. घरात येणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं जायचं, की आमच्याकडे रोज जेवायला खुद्द तो असतो. ताट मात्र त्याला कधी कुणी वाढलं नाही.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानातला. एक टेबल आणि चार खुर्च्या अशी ऑर्डर होती. पहिल्या तिघी चांगल्या लाकडाच्या झाल्या. माझी पाळी येईपर्यंत लाकूड संपत आलं होतं आणि सुताराचा उत्साहसुद्धा. माझा मागचा डावा पाय उरल्यासुरल्या तुकड्यातून काढला आणि तो नखभर आखूड निघाला. सुताराने मला फरशीवर ठेवून हलवून पाहिलं, वापरात आली की होईल सरळ असं म्हणाला, आणि टेम्पोत चढवलं. मी काही सरळ झाले नाही.

ज्या घरात आले तिथले कर्ते पुरुष विमा कंपनीत नोकरीला होते, पण त्यांची खरी ओळख चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी ही. रस्त्यावर, चर्चच्या मंडळीत, इतकंच काय, पाठीमागे बायकोच्या तोंडीसुद्धा त्यांचं नाव सेक्रेटरी. पहिल्याच सकाळी ते माझ्यावर बसले, मी डुगडुगले आणि चहा त्यांच्या शर्टावर गेला. मग त्यांच्या बायकोने मला वापरून पाहिलं, मग मुलीने. सगळ्यांनी एकेकदा बसून मला बाजूला सारलं. सुताराकडे परत न्यायचं ठरत होतं आणि राहून जात होतं. माझ्यावर इस्त्रीचे कपडे आणि जुनी वर्तमानपत्रं साचायला लागली.

अशात एकदा चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, जेवायला आले. चांगले भारदस्त गृहस्थ. हात धुतले आणि नेमके माझ्याकडे आले. त्यांनी मला मागे ओढलं तसे सेक्रेटरी धावत पुढे आले. पाळकसाहेब आपल्या घरी जमिनीवर आपटले, तर पुढच्या वर्षी कमिटीत आपलं काही खरं नाही, हे त्यांना एका क्षणात दिसलं असावं.

“साहेब, ती नको,” ते म्हणाले. “ती आम्ही... ती आम्ही प्रभूसाठी ठेवतो.”

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या रविवारी उपदेशात माझा उल्लेख झाला. सेक्रेटरींनी वेळ मारून नेली होती आणि मी एका रात्रीत पवित्र झाले होते.

मग मंडळीत ही साथच पसरली. घरोघरी एक खुर्ची रिकामी राहू लागली. कुणी गादीची ठेवली, कुणी हातांची ठेवली. एका दुकानदाराने तर प्रभूसाठी फिरती खुर्ची घेतली, का ते त्यालाच ठाऊक. आमच्याकडे सेक्रेटरींनी माझ्यावर पांढरी उशी घातली आणि कपडे ठेवायला बंदी केली. पाय दुरुस्त करावा असं मात्र कुणाला सुचलं नाही. प्रभू काही डुगडुगला म्हणून तक्रार करणार नव्हता.

टेबलाला लागून असल्यामुळे मी या घरच्या प्रार्थना जवळून ऐकल्या आहेत. वरकरणी त्या देवाला उद्देशून असत, पण जायच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. सेक्रेटरी डोळे मिटून म्हणायचे, हे प्रभू, या घरातल्या काही जणांना सकाळी लवकर उठायची बुद्धी दे. मुलगी समजून जायची. मग बायको आपल्या पाळीला म्हणायची, हे प्रभू, ज्यांना रोज भाजीत मीठ कमी लागतं त्यांना समाधानी वृत्ती दे. दोघं समोरासमोर बसून दिवसभर एकमेकांशी जे बोलत नसत ते रात्री प्रभूला सांगत, आणि बिचाऱ्याने ते पोचवायचं. जेवण गार व्हायचं ते वेगळंच. मुलगी नर्सिंगला होती. ती डोळे मिटायचीच नाही, सूपवर साय धरताना बघत बसायची.

या घरात सेक्रेटरींची थोरली बहीण राहायला आली. मुलगी तिला आत्या म्हणायची, बाकी सगळे ताई. जन्मभर तिने हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी धुतल्या, पिळल्या, इस्त्री केल्या, सगळं उभ्यानं. नवरा गेला, नोकरी संपली, आणि गुडघे कामातून गेले तेव्हा ती भावाकडे आली. आली ती एक पेटी आणि एक जाडजूड पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन. त्या पुस्तकाची पाठ चिकटपट्टीने जोडलेली होती.

आता टेबलाला खुर्च्या चार. एक सेक्रेटरींची, एक बायकोची, एक मुलीची आणि एक प्रभूची. पाचवी आणावी असं मुलगी एकदा म्हणाली. पण सेटमधली सुटी खुर्ची मिळत नाही, आणि वेगळ्या रंगाची आणली तर सेट बिघडतो, असं तिच्या आईने, म्हणजे आत्याच्या वहिनींनी, समजावलं. मुलगी स्वतःची खुर्ची द्यायला उठली, तर आत्यानेच तिला खाली दाबून बसवलं. दिवसभर वॉर्डात उभी असतेस, बस मुकाट्याने, म्हणाली. आत्या स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून जेवायची. मला उभं राहायची सवय आहे, असं सगळ्यांना सांगायची, आणि सगळ्यांना ते पटकन पटायचं.

दुपारी घरात कुणी नसलं की ती ओल्या फडक्याने मला पुसायची. पहिल्यांदा ती बोलायला लागली तेव्हा मला वाटलं, माझ्याशीच बोलतेय. मी अगदी फुशारून गेले. मग कळलं की बोलणं माझ्यावर बसलेल्याशी चाललं आहे. इतक्या वर्षांत कुणी त्याच्याशी माझ्याकडे तोंड करून बोललं नव्हतं.

ती काही संत वगैरे नव्हती. वहिनींच्या नावाने बोटं मोडायची, कपाटातली बिस्किटं गुपचूप खायची आणि त्याला सांगायची, बघितलंस तर बघितलंस. पण रोज पुस्तक उघडायची, चार ओळी मोठ्याने वाचायची आणि मग त्यांच्यावरून त्याच्याशी भांडायची. थकलेल्यांना विसावा देतो म्हणालास, मग माझ्या गुडघ्यांना कधी देणार? भांडून झालं की डोळे पुसायची आणि भांडी घासायला जायची, येताना होती त्यापेक्षा ताठ. हे मी रोज पाहिलं आहे.

ती मला पुसत असताना एकदा मी डुगडुगले. तिने मला आडवं केलं, आखूड पाय पाहिला आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली. मग बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, घडी घालून, खळ लावून माझ्या पायाखाली चिकटवला. “पडशील एखाद वेळी,” ती त्याला म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा माझे चारही पाय जमिनीला टेकले.

पुढे एका रात्री जेवणाआधी सेक्रेटरींनी नवी विनंती जोडली. हे प्रभू, ताईची नीट काळजी घेतली जाईल अशी जागा तूच दाखव. आत्या ओट्यापाशी होती, सवयीने आमेन म्हणाली. तीच विनंती दुसऱ्या रात्री, तिसऱ्या रात्री. हळूहळू त्या जागेला अंगणही आलं, डॉक्टरही आले. पाळकसाहेबांच्या ओळखीचा एक वृद्धाश्रम होता, शहराबाहेर. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की स्वतःला घालवून द्यायच्या प्रार्थनेला आपणच रोज आमेन म्हणतोय. त्या रात्री ती म्हणाली नाही. ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला पुसलं नाही. पुस्तक मांडीत घेऊन फरशीवर बसली. देवाला मेंढपाळ म्हणणारं ते स्तोत्र तिने काढलं, ते तिला तोंडपाठ होतं, तरी बोट ठेवून वाचलं. शत्रूंच्या डोळ्यांदेखत तू माझ्यासाठी ताट वाढतोस, या ओळीवर ती थांबली.

“शत्रू नाहीत रे ते,” ती माझ्याकडे बघून म्हणाली. “भाऊ-भावजय आहेत. पण मला भीती वाटते. तिथे माझं कुणी नाही. ताट वाढतोस म्हणालास ना? मग माणूस ताटावर बसतं कुठे, तेही बघ.”

मग माझा पाय धरून उठली, चारही बाजूंनी मला हलवून पाहिलं, आणि कामाला लागली.

त्याच आठवड्यात पाळकसाहेबांना जेवायला बोलावलं. निर्णय प्रार्थनापूर्वक घ्यायचा होता, म्हणजे घेऊन झाला होता. पाळकसाहेब मुलीच्या खुर्चीत बसले, मुलगी ताट घेऊन सोफ्यावर गेली. आत्या वाढत होती. सेक्रेटरींनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. प्रभूने ताईला आजवर कसं सांभाळलं, आपणही कसं सांभाळलं, आता तिच्या भल्यासाठी मन कसं घट्ट करावं लागतंय. अंगण आलं, डॉक्टर आले, भजनाचा हॉलही आला. आत्या भाजीचं भांडं घेऊन उभी होती. मध्येच तिने ते टेबलावर ठेवलं, मला अलगद मागे ओढलं आणि बसली.

पवित्र झाल्यापासून मी पहिल्यांदाच कुणाचं वजन पेलत होते. सगळे पाय घट्ट रोवून उभी राहिले. पुठ्ठ्याने दगा दिला नाही.

आमेन झालं. सेक्रेटरींनी डोळे उघडले, समोर पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून गेलं, “ताई, उठ, पडशील. ती डुगडुगते.”

पाळकसाहेब सेक्रेटरींकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. “डुगडुगते म्हणजे?”

“सुरुवातीपासूनच डुगडुगते,” सोफ्यावरून मुलगी म्हणाली. वहिनी मिठाची वाटी शोधायला लागल्या. ती त्यांच्या समोरच होती.

“आता नाही डुगडुगत,” आत्या म्हणाली. “मी पुठ्ठा लावलाय.”

“पण ताई, ती प्रभूची...” सेक्रेटरींनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

“म्हणून तर बसले. तुमच्यापैकी कुणाची असती तर विचारलं असतं.” ती उठली नाही. “माझं काय करायचं ते रोज त्याला विचारतोस. मी इथे हाताच्या अंतरावर उभी असते, मला नाही विचारलंस एकदाही.”

पाळकसाहेबांनी तिच्याकडे वळून विचारलं, “तुम्हाला जायचंय का, बाई?”

“नाही.”

“मग झालं,” पाळकसाहेब म्हणाले आणि चमचा उचलला. जाताना त्यांनी पुन्हा एकदा माझ्या पाठीवर हात ठेवला. या वेळी त्यांचे डोळे भरले नाहीत, त्यांनी नुसतं वाकून माझ्या पायाकडे पाहिलं.

सेक्रेटरी काही दिवस फार मोजकं बोलत होते. जेवणाआधीची प्रार्थना दोन वाक्यांवर आली, आणि सूप गरम मिळू लागलं. तुम्हाला वाटेल, माणूस बदलला. छे. पुढच्या महिन्यात त्यांनी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, की थोरल्या बहिणीला टेबलावर मानाची जागा दे असं प्रभूने त्यांना कसं सुचवलं. पुठ्ठ्याचा विषय निघाला नाही. पाळकसाहेब व्यासपीठावर बसून छताकडे पाहत होते. आता मंडळीत घरोघरी रिकाम्या खुर्च्यांवर आत्या-मावश्यांना बसवायची साथ आली आहे. येऊ दे. ही साथ पहिलीपेक्षा बरी.

माझी पांढरी उशी आता चपटी झाली आहे, तिच्यावर भाजीचे डाग आहेत. पुठ्ठा दोनदा बदलला. आत्या अजून रोज दुपारी पुस्तक उघडते, आता माझ्यावर बसून. परवा वाचता वाचता थांबली आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाली, “तू जरा उभा राहा. तू तरुण आहेस, माझे गुडघे दुखतात.” आणि मग हसली. तो उभाच असेल. तिच्या आवाजावरून मला तरी तसं वाटतं.

तुमच्या घरी त्याच्यासाठी काही राखून ठेवलं असेल, तर ठेवा बापड्यांनो, मी नको म्हणत नाही. फक्त एकदा हाताने हलवून बघा, डुगडुगतंय का. आणि मान वळवून हेही बघा, ओट्यापाशी कोण उभ्याने जेवतंय.