हार घातलेलं मशीन

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात त्या सकाळी अख्खा मजला एका कॉम्प्युटरभोवती जमला होता. कॉम्प्युटरला खंडेनवमीचा वाळलेला झेंडूचा हार, वर कुंकू. रक्ततपासणीचे रिपोर्ट काढणारा आमचा प्रोग्रॅम बाकी सगळ्या मशीनवर कोसळायचा, या एकावर मात्र झकास चालायचा. चमत्कारच की!

"मशीन जागृत आहे," मुलुंडहून खास बोलावलेले मार्तंड गुरुजी डोळे मिटून म्हणाले. "बिघाड कधी सुरू झाला? ही मुलगी आली तेव्हा. हिच्या हाताला राहू आहे. तो सर्व्हरलासुद्धा लागतो."

राहूला सर्व्हर कळतो, हे मला नवीनच होतं.

ही मुलगी म्हणजे दर्शना, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवरची. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्याच दुपारी ठरणार होतं. आणि मी, तिची टीम लीड, चारचौघांत देव न मानणारी म्हणून मिरवणारी, तिच्या अहवालात काय लिहून बसले होते? 'टीमला लाभत नाही.' शी! सांगतानाही लाज वाटते.

"मॅडम, दहा मिनिटं या मशीनला हात लावू?" दर्शनाने विचारलं.

"खबरदार!" गुरुजी कडाडले.

"लावू दे तिला," मी म्हटलं, तेही पुटपुटत.

तिने हार तसाच ठेवला आणि फक्त एक लायब्ररी अपडेट केली. प्रोग्रॅम धाडकन कोसळला.

"बघा, देव कोपला!"

दर्शनाने जुनी फाइल परत टाकली. प्रोग्रॅम चालू! मग तीच फाइल तिने स्वतःच्या मशीनवर टाकली. तिथे ना हार, ना कुंकू, तरी चालला.

"गुरुजी, देवाचा कोप एका फाइलीत मावतो?"

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"लायब्ररी म्हणजे तयार कोड," ती गुरुजींनाही कळेल असं सांगू लागली. "स्टॅटिक जोडली की ती प्रोग्रॅमच्या पोटातच जाते, घरून आणलेल्या डब्यासारखी. डायनॅमिक जोडली की प्रोग्रॅम चालताना मशीनवरची घेतो, कॅन्टीनच्या ताटासारखी. आपण एकच लायब्ररी दोन्ही प्रकारे जोडलीय. पोटातली प्रत जुनी, मशीनवरची नवी. एक नोंदी मांडते एका पद्धतीने, दुसरी वाचते भलत्याच. कोसळणारच ना! सगळीकडे एकच प्रत ठेवा, संपलं."

"मग हेच मशीन कसं चाललं गं?" शेजारच्या देवव्रतने विचारलं.

"पूजा या एकाचीच झाली आणि नंतर त्याला अपडेट करायची कोणाची हिंमत झाली नाही, म्हणून दोन्ही प्रती जुन्याच राहिल्या. माझं मशीन नवं कोरं, त्यात लायब्ररीही नवीच होती, आणि तुमची मी आले त्याच आठवड्यात अपडेट झाली. राहू कसला त्यात?"

गुरुजींनी गुपचूप पिशवी उचलली.

"दर्शना, चुकलं माझं. माफ कर," मी सगळ्यांसमोर म्हटलं.

"अहवाल कागदावर आहे, मॅडम. तोंडी माफीने काय होणार?"

खरंच होतं. तिथेच बसून मी नवा अहवाल लिहिला: चूक प्रोग्रॅमची होती, ती मी सहा महिने शोधली नाही आणि दोष हिच्यावर ढकलला. ती कायम झाली. पण तिच्याशी बोलताना माझी मान अजून खालीच जाते. गुरुजी राहू म्हणाले, मी 'लाभत नाही' म्हटलं. फरक काय?

म्हणून सांगते, कारण सापडत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणा आणि शोधत राहा. कारणाच्या जागी माणसाचं नाव लिहू नका.