उलटा साप

माझ्या खालून तिसऱ्या ओळीत एका सापाचे डोके आहे. त्यावरचा हिरवा रंग अंगठ्याच्या नखाएवढा उडाला आहे. बाकीच्या सापांची डोकी शाबूत आहेत. रंग एकाच जागी झिजला, तर बोटे तिथे जास्त टेकली असे समजावे.

मित्रांनो, मी सापशिडीचा एक जुना लाकडी पट आहे. मला विकण्यासाठी बनवले नव्हते, नकलेसाठी बनवले होते. लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराने तरुणपणी मला रंगवले. नवा पट करायचा झाला की माझ्यावर पातळ कागद पसरून रेषा उतरवत आणि तोच कागद नव्या फळीवर ठेवून गिरवत. जे माझ्यावर नाही ते दुसऱ्या कुठल्याच पटावर जायचे नाही, असा त्या कारखान्याचा दंडक होता.

तो दंडक एका चुकीलाही लागू पडला. एक साप रंगवताना कारागिराने मला उलटे फिरवून ठेवले होते, त्यामुळे त्याचे डोके खाली आले आणि शेपूट वर गेले. हे लक्षात आले तोवर माझ्या नकला घरोघर पोहोचल्या होत्या. मुलांनी आपापला न्याय लावला. सापाच्या तोंडातून शिरायचे आणि शेपटीतून बाहेर पडायचे, म्हणजे हा साप वर नेतो. कारागिराच्या मुलीचे बोट लहानपणी सतत याच सापावर असे.

पुढे छापील पुठ्ठ्याचे खेळ आले. दुकानदार आमच्या पटांना हात लावीनासे झाले. कारागिराने मला चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवले. चादर विरलेली होती, तिच्यातून मला खालचे सगळे दिसे.

मुलगी मोठी होऊन त्याच कारखान्यात काम करू लागली. तिने पुठ्ठ्याचा एक नवा खेळ केला. त्यात शिडी एकही नव्हती. प्रत्येक साप पाठीच्या मध्यावर एका खुंटीवर बसवलेला होता, म्हणून तो फिरवता येई. पाळी आली की फासा टाकायचा, नाहीतर एक साप फिरवायचा. हा खेळ माझ्यावर, म्हणजे मूळ पटावर, चढवू या का, असे तिने वडिलांना कितीदा तरी विचारले. ते दर वेळी "बघू" म्हणत.

मग तिला एका छापखान्यात नोकरी चालून आली. सोमवारी उत्तर द्यायचे होते. रविवारी तिची आत्या आली, तेव्हा तिने पुठ्ठा मांडला.

"बाबा, एकदा खेळून तर बघा."

"सापशिडी नशिबाचा खेळ आहे. त्यात डोकं कशाला घालायचं?"

"असलं तर घाल, दादा," आत्या म्हणाली.

ते बसले. त्यांची सोंगटी वरच्या ओळीत, एका सापाच्या शेपटीशी निवांत उभी होती. आत्याने फासा उचललाच नाही. बोटाने तो साप फिरवला. डोके वर आले आणि भावाची सोंगटी घसरत तळाला गेली.

"जन्मभर साप रंगवलेस," ती म्हणाली, "आज एक चावला."

ते हसले नाहीत. "पुन्हा मांड," म्हणाले. हरल्यावर फासा डबीत टाकून उठणारा हा माणूस. पुन्हा मांडायला सांगताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते.

दुसऱ्या डावात एक साप खुंटीसकट निघून आला. त्यांनी तो दाबून बसवला. तो परत निघाला.

"पुठ्ठा खुंटी धरत नाही."

"माहीत आहे. जाड फळी हवी," मुलगी म्हणाली. "उद्या छापखान्यात काय सांगू, बाबा?"

ते उठून माळ्यापाशी आले. मला खाली घेऊन त्यांनी चादर सोडली. इतक्या वर्षांत माझ्यावर एकही ओरखडा उठला नव्हता, पण एका कडेला भुंगा लागून बारीक भुसा पडत होता. मित्रांनो, रोज हात फिरणाऱ्या वस्तूला भुंगा लागला तर तो कोणाला तरी दिसतो. गुंडाळून ठेवणे म्हणजे जपणे नव्हे, एवढेच मला तुम्हांला सांगायचे आहे.

त्यांनी भुसा पुसला. मग जिथला रंग उडाला होता तिथे, मुलीच्या जुन्या जागी, बोट टेकवले. तिथून ते त्या सापाच्या पाठीवरून मध्यापर्यंत नेले.

"छापखान्यात सांग, तुला इथं काम आहे," ते म्हणाले. "आणि गिरमिट आण. पहिलं भोक इथं पाड."