पट्ट्याच्या मासोळीची अंडी

"सर, हे थांबूनच नाही राह्यले," सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढता दयाराम म्हणाला.

जानेफळच्या हायस्कुलात तो चौदा वर्षं प्रयोगशाळेचा शिपाई होता. दर पावसाळ्यात नाल्यातून पट्ट्यापट्ट्यांच्या बारीक मासोळ्या धरून आणायचा, बशीत त्यांची अंडी जपायचा. अंडं काचेसारखं. आतलं पिल्लू एका दिवसाचं झालं की पहिल्यांदा शेपूट हलवतं. एकदा हलवलं की थांबतं, मग पुन्हा. ते दाखवायला तो पोरांना एकेक करून स्टुलावर चढवी आणि कुणाचीच घाई करत नसे.

आज मात्र पिल्लं नुसती थरथरत होती.

विज्ञानाच्या सुधाकर सरांनी वाकून पाहिलं. "पाणी कुठलं?"

"नाल्याचंच. आज नव्या डब्यातून आनलं. कपाशीवर मारायच्या औषधाचे दोन रिकामे डबे रामराव पाटलानं काल देल्ले. राखेनं तीनदा घासले सर, वासबी नाही राह्यला."

औषध गावात येऊन दोनच वर्षं झाली होती. जाड पत्र्याचे, घट्ट झाकणाचे ते डबे कोणी फेकत नसे. घासूनपुसून घरात घेत.

सर स्टुलावर बसले. "दयाराम, शीर अंगाला सांगते, हल. ते सांगणं शरीर लगेच पुसून टाकतं, म्हणून अंग थांबतं. हे औषध पुसूच देत नाही. माणसाचंही असंच होतं. लाळ सुटते, डोळ्याची बाहुली मोहरीएवढी होते, अंग थरथरतं. शेवटी थकून सगळं थांबतं. श्वाससुद्धा."

दयारामनं बशी हळूच खाली ठेवली.

"दुसरा डबा सुभद्रेजवळ हाय. पानी भरून निंदाले घेऊन गेली."

सर उठले. "मी दवाखान्यात उताऱ्याचं इंजेक्शन तयार ठेवायला सांगतो. तुम्ही तिला घेऊन या."

पाटलाच्या शेतापर्यंत तो पळतच गेला. त्याची बायको सुभद्राबाई बाभळीखाली टेकून बसली होती. सावलीत असूनही लुगडं घामानं भिजलेलं. शेजारी तानुबाई आणि कोकिळा, तिच्यासोबत निंदणाऱ्या.

"शाळा सोडून आले?" ती हसली. तोंडातून लाळ गळत होती. "मासोळ्याइनं सुट्टी देल्ली काय?"

"पानी किती पेली वं?"

"तहान लागली होती. दोन-तीन तांबे पेली असन. पित्त झालं, दुसरं काय."

तिच्या पोटरीचं मांस कातडीखाली वळवळत होतं. दयारामनं बांधावरून शेजारच्या वावरातल्या कारभारीला हाक मारली. तो छकडा जुंपेपर्यंत दयाराम तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. तिचा श्वास घरघरू लागला. मग बोलणं गेलं.

"पाहा भाऊ, पाय हालाचा थांबला," तानुबाई म्हणाली. "उतार पडला वाटते."

दयारामनं सुभद्राबाईच्या नाकापाशी हात धरला. बराच वेळ धरला. मग छातीला कान लावला.

त्यानं तानुबाईची हनुवटी वर केली.

"हे काय भाऊ?"

"डोये उघड." बाहुली मोहरीएवढी होती. त्यानं कोकिळेचे डोळे पाहिले. तेच.

"तुमी किती पेल्या?"

"एकेक तांब्या," कोकिळा म्हणाली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात लाळ आली होती.

छकडा आला. दोघींना आडवं केल्यावर त्यात जागा उरली नाही. कारभारी सुभद्राबाईकडे पाहत उभा राहिला.

"वहिनीले कुठं ठेवू?"

"ह्या दोघींले ने. सीधा दवाखान्यात. सर उभे असतीन. त्याइले सांग, एकेक तांब्या पेल्या."

"आन् वहिनी?"

"तिची घाई नाही आता."

कारभारीनं बैल हाकले. तानुबाई आडवी पडल्यापडल्या मागं पाहत राहिली, छकडा रस्त्याला लागेपर्यंत.

बाभळीची सावली विरळ होती. ऊन सुभद्राबाईच्या तोंडावर आलं, तसा दयाराम थोडा सरकून बसला. मग ऊन फिरलं, तसा पुन्हा सरकला.